शीट रोलवर न चढलेला पूर्वी स्टार

वाचकांचे प्रश्न : माजी सैनिक आणि कुटुंबीयांसाठी

प्रश्न : माझे बाबा सत्तरी तालुक्यातील आमच्या गावातून १९६४ साली सैन्यात भरती झाले आणि पंधरा वर्षांची नोकरी करून १९७९ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. १९७१ च्या युद्धात ते आपल्या पलटणीबरोबर पूर्व आघाडीवर होते. युद्धानंतर पलटणीत फिती वाटल्या, तेव्हा पूर्वी स्टारची, म्हणजे पूर्व आघाडीवरील सेवेसाठीच्या युद्धपदकाची, फीत त्यांनाही मिळाली आणि ती अजून त्यांच्या ट्रंकेत आहे. पुढे १९७३ च्या आरंभी त्यांची बदली रेजिमेंटल सेंटरला झाली. प्रत्यक्ष स्टार मात्र कधीच आला नाही. डिस्चार्ज बुकात रक्षा पदक, सैन्य सेवा पदक, संग्राम पदक आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक एवढ्याच नोंदी आहेत. गेल्या वर्षी बाबांना स्टार द्यावा अशी विनंती करणारे पत्र मी त्यांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिले, त्यावर ‘उपलब्ध कागदपत्रांत नोंद आढळत नाही’ असे दोन ओळींचे उत्तर आले. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. गावातील इतर माजी सैनिक पदके लावून मुक्तिदिनाच्या कार्यक्रमाला जातात, तेव्हा बाबा घरीच थांबतात. आता काही करता येईल का? — एक वाचक, वाळपई

उत्तर : ताई, करता येईल, आणि ज्या उत्तराने आपण थांबलात त्या उत्तराने थांबण्याचे कारण नाही. ‘नोंद आढळत नाही’ आणि ‘पात्र नाही’ ही दोन अगदी वेगळी वाक्ये आहेत. पहिल्या वाक्याचा अर्थ एवढाच की समोरच्या लिपिकाने बाबांचा शीट रोल, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसमधली त्यांच्या सेवेची नोंदपत्रिका, काढला, पदकांचा रकाना वाचला आणि तिथे पूर्वी स्टार लिहिलेला नाही असे कळवले. बाबांना तो स्टार मिळायला हवा होता की नाही, याचा निर्णय त्या पत्रात कोणी केलेलाच नाही. आपल्या पत्राने त्यांना तो प्रश्न विचारलाही नव्हता. आपण पदक मागितले होते. आता पदक मागू नका. नोंद दुरुस्त करून मागा. नोंद दुरुस्त झाली की पदकाची मागणी तिच्या पाठोपाठ आपोआप उभी राहते, आणि नोंदीशिवाय केलेली मागणी प्रत्येक टेबलावरून परत येते.

नोंद कशी होते हे आधी समजून घ्यावे, कारण ती कुठे चुकली हे त्यातूनच कळते. पलटणीतील जवानाच्या बाबतीत जे काही घडते, म्हणजे बदली, बढती, रजा, लग्न, मुलाचा जन्म, जखम किंवा पदक, ते पलटणीच्या कार्यालयातून ‘भाग दोन आदेश’ म्हणून प्रसिद्ध केले जाते. जवान त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. या आदेशाला क्रमांक आणि वर्ष असते. त्याची प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिच्या आधारे तिथला लिपिक शीट रोलमध्ये ओळ लिहितो. वेतन लेखा कार्यालयालाही प्रत जाते. जवान निवृत्त होताना त्याच शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरले जाते. म्हणजे डिस्चार्ज बुक हे नकलेची नक्कल असते आणि मूळ असतो तो भाग दोन आदेश. मी स्वतः पलटणीच्या कार्यालयात लिपिक म्हणून अनेक वर्षे काढली आहेत. शेकडो नावांची यादी टंकयंत्रावर कार्बन घालून करताना एखादा नंबर सुटणे किंवा एक आकडा उलटा पडणे किती सोपे असते, हे मला ठाऊक आहे. त्या एका आकड्यामुळे पुढची पन्नास वर्षे एखाद्या माणसाच्या छातीवरची जागा रिकामी राहते, म्हणून हे काम मी कधी हलके मानले नाही.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती फितीची नाही, ती बदलीच्या तारखेची आहे. युद्धाची पदके युद्ध संपल्याबरोबर हातात पडत नाहीत. आधी पात्रतेचे नियम निघतात, मग फिती मिळतात, मग याद्या होतात, आणि कोलकात्याच्या सरकारी टांकसाळीत घडवलेली पदके त्यानंतर येतात. मधल्या काळात जो जवान पलटणीतून बाहेर पडतो, त्याचे नाव सुटण्याचा धोका मोठा असतो. जुनी पलटण समजते की आता तो नव्या ठिकाणच्या पटावर आहे, तेव्हा त्याचा आदेश तिथून निघेल. नव्या ठिकाणी त्याच्या लढाईच्या काळाचे कागद नसतात, त्यामुळे तिथून आदेश निघत नाही. १९७३ च्या आरंभी रेजिमेंटल सेंटरला गेलेल्या आपल्या बाबांचे असेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे. तो खरा आहे की नाही हे कागदच सांगतील, पण शोध कुठून सुरू करायचा ते त्यातून ठरते : डिसेंबर १९७१ मध्ये बाबा ज्या पलटणीच्या पटावर होते, त्या पलटणीने पूर्वी स्टारबाबत काढलेले भाग दोन आदेश.

ते आदेश शोधण्याचा जवळचा मार्ग बाबांच्या सोबत्यांच्या घरातून जातो. त्यांच्याच कंपनीत त्या वेळी असलेला आणि स्टारची नोंद झालेला कोणी हयात असेल, अगदी सातारा, कोल्हापूर किंवा बेळगावकडे असला तरी, त्याच्याकडील कागदांत त्या नोंदीसमोर आदेशाचा क्रमांक आणि वर्ष आहे का ते पाहायला सांगा. तो क्रमांक हाती आला, तर रेकॉर्ड ऑफिसला ‘शोधा’ असे सांगण्याऐवजी ‘अमुक क्रमांकाच्या आदेशात माझे नाव का नाही हे तपासा’ असे सांगता येते, आणि या दोन अर्जांच्या प्रवासात फार अंतर असते. कित्येकदा त्याच आदेशात नाव सापडते आणि फक्त शीट रोलवर ते चढायचे राहून गेलेले असते. तसे निघाले तर काम सोपे आहे. नाव आदेशातच नसेल, तर बाबांची पात्रता नव्याने सिद्ध करून नवा आदेश काढावा लागेल, आणि त्यासाठी पुरावे लागतील.

पुराव्यांबाबत स्पष्ट लिहितो, कारण घरोघरी याबद्दल गैरसमज आहेत. फीत हा भावनेचा ठेवा आहे, पण तिच्यावर नाव नसते आणि ती छावणीच्या बाजारात विकतही मिळते. म्हणून तिचा फोटो अर्जाला जोडावा, तिच्यावर विसंबू नये. संग्राम पदकाची नोंद आपल्या बाजूची आहे, परंतु ती पुरेशी नाही. ते पदक १९७१ च्या युद्धाशी संबंधित बऱ्याच मोठ्या प्रदेशातील आणि काळातील सेवेसाठी दिले गेले. पूर्वी स्टारसाठी पूर्वेकडील प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातील हजेरी दाखवावी लागते. शीट रोलमधील बदल्यांचा रकाना इथे सर्वांत वजनदार ठरतो, कारण बाबा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत त्या पलटणीच्या पटावर होते हे खुद्द सैन्याच्याच कागदावर लिहिलेले असते. त्या काळात ते रजेवर, इस्पितळात किंवा एखाद्या कोर्सला नव्हते, हेही तिथूनच दिसते.

आणखी एक गोष्ट ट्रंकेत शोधा : त्या महिन्यांत बाबांनी घरी पाठवलेली पत्रे. सैन्याच्या टपालात ५६ ए. पी. ओ. (आर्मी पोस्ट ऑफिस) चे टपाल दिल्लीमार्गे आणि ९९ ए. पी. ओ. चे कोलकात्यामार्गे जात असे, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ९९ ए. पी. ओ. आणि शिक्क्यावर १९७१ च्या हिवाळ्यातील तारीख असेल, तर ते साधे अंतर्देशीय पत्र पूर्व आघाडीवरील हजेरीचा चांगला आधार ठरते. आजीने जपून ठेवलेली अशी पत्रे अनेक घरांत रद्दीत गेली. आपल्याकडे असतील तर मूळ पत्र कोणालाही देऊ नका, साक्षांकित प्रत द्या. सोबत्यांची प्रतिज्ञापत्रेही जोडावीत. मात्र ‘आम्ही एकत्र होतो’ एवढे लिहून भागणार नाही. कंपनी, प्लाटून, ठिकाण आणि महिना त्यात असला पाहिजे.

गोव्यातील कुटुंबांसाठी नावाचा प्रश्न वेगळा सांगावा लागतो. मुक्तीपूर्वी जन्मलेल्या माणसाचे नाव जन्मनोंदीत पोर्तुगीज वळणाने लिहिलेले असते, भरतीच्या वेळी सैन्यातील लिपिकाने ते कानाला आले तसे लिहिले, आणि आधार कार्डावर तिसरेच रूप आले. नाईक, गावकर, शेट अशा आडनावांची दोन-तीन स्पेलिंग एकाच घरात सापडतात. अर्जात नाव शीट रोलमध्ये आहे तसेच्या तसे, आर्मी नंबरासह लिहावे आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोरील प्रतिज्ञापत्र जोडावे. त्याच अर्जात नाव दुरुस्त करण्याची मागणी मात्र करू नये. एका अर्जात दोन मागण्या असल्या की तो दोन विभागांत फिरतो आणि दोन्हीकडे अडकतो.

आता अर्ज कोणी करायचा? बाबा हयात आहेत, तेव्हा अर्ज त्यांच्याच सहीने गेला पाहिजे. गेल्या वर्षीचे पत्र आपल्या नावाने गेले होते, हेही त्रोटक उत्तराचे एक कारण असू शकते. हात थरथरत असेल तर अंगठा चालेल, तो राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावा. अर्ज ऑफिसर-इन-चार्ज, रेकॉर्ड्स यांच्या नावे, बाबांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, बाँबे सॅपर्सचे पुण्यात खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला आणि सिग्नल्सचे जबलपूरला. बांबोळीच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये अर्ज घेऊन जाणारे माजी सैनिक मला भेटतात. परंतु पायदळातील जवानाच्या शीट रोलमध्ये तिथे काही लिहिता येत नाही, तेव्हा वाळपईहून ती खेप करू नये. राज्याच्या सैनिक कल्याण खात्यात मात्र अवश्य जावे. पदक देण्याचा अधिकार त्यांना नाही, पण त्यांच्या पत्रासह गेलेल्या अर्जाची नोंद आणि पाठपुरावा नीट होतो, आणि कागद अपुरे असतील तर ते तिथेच सांगतात.

अर्जाचा गाभा चार ओळींचा असावा. ‘मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या पलटणीच्या पटावर होतो व युद्धकाळात पूर्व आघाडीवर प्रत्यक्ष हजर होतो, माझ्या शीट रोलमध्ये व डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टारची नोंद नाही, माझ्या पात्रतेची पलटणीच्या कागदांवरून तपासणी करून भाग दोन आदेश काढावा व नोंद करावी, मी पात्र नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे.’ शेवटचे वाक्य विसरू नका, कारण कारण लिहून द्यावे लागते तेव्हा फाइल खरोखर उघडली जाते. डिस्चार्ज बुकाची मूळ प्रत मात्र त्यांनी मागितल्याशिवाय पाठवू नये. अर्ज स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी.

अर्जाच्या आधी किंवा बरोबर, बाबांच्याच नावाने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा आणि शीट रोलच्या सर्व पानांची व पूर्वी स्टारसंबंधी पलटणीच्या भाग दोन आदेशांची प्रत मागावी. रेकॉर्ड ऑफिस केंद्र सरकारच्या अखत्यारीत असल्यामुळे शुल्क दहा रुपयांचे असते आणि ते पोस्टल ऑर्डरने भरता येते. केंद्राच्या संकेतस्थळावरूनही अर्ज होतो. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे, आणि ते न आल्यास किंवा अपुरे वाटल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील करावे. या अर्जात ‘का दिले नाही’ असे विचारू नये. माहितीचा अधिकार कागद मिळवण्यासाठी आहे. कारणे साध्या अर्जात मागावीत, इथे कागद मागावेत.

लेखी नकार आला आणि तो चुकीचा वाटला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी ते खंडपीठ मुंबईला आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. उशीर झाल्यास तो माफ होऊ शकतो, पण सबळ कारण द्यावे लागते. माझ्या अनुभवात अशा नोंदींची बहुतेक प्रकरणे तिथपर्यंत जात नाहीत.

दोन गोष्टी मोकळेपणाने सांगतो. या स्टारमुळे पेन्शनीत एका रुपयाचीही वाढ होणार नाही. पैसे मिळवून देतो म्हणणारा कोणी मध्यस्थ भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. आणि कोणी स्नेह्याने डिस्चार्ज बुकात ती ओळ हाताने लिहून देण्याची तयारी दाखवली, तर ती कधीही स्वीकारू नका. रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का आणि सही नसलेली एक ओळ त्या पुस्तकातील इतर सगळ्या खऱ्या नोंदींवर संशय आणते. बाबांनी मुक्तिदिनाला जावे, असे मात्र मला मनापासून वाटते. नोंद झालेली चार पदके त्यांच्याकडे आहेत, ती लावून त्यांनी याच वर्षी जावे. पाचव्यासाठी थांबू नये.

प्रश्न : माझे आजोबा मूळचे सातारा जिल्ह्यातील. १८ डिसेंबर १९६१ रोजी त्यांची पलटण गोव्यात आली. निवृत्तीनंतर ते डिचोलीतच स्थायिक झाले आणि १९९४ मध्ये वारले. आजीही आता नाही. घरी त्यांचे एक पदक आहे, त्याच्या फितीवर ‘नागा हिल्स’ अशी पट्टी आहे. गोवा मुक्तीसाठीचे ऑपरेशन विजय पदक मात्र नाही आणि कागदांतही त्याचा उल्लेख नाही. ते आता मागता येईल का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : आपण ज्या नावाचे पदक शोधत आहात, ते आजोबांना मिळणे शक्यच नव्हते. १९६१ च्या गोवा मोहिमेचे नाव ऑपरेशन विजय होते हे खरे, पण १९९९ च्या कारगिल युद्धातील मोहिमेलाही तेच नाव दिले गेले, आणि ‘ऑपरेशन विजय स्टार’ व ‘ऑपरेशन विजय पदक’ ही दोन्ही पदके कारगिलची आहेत. नावाच्या या सारखेपणामुळे गोव्यातील कित्येक कुटुंबे नसलेल्या पदकाचा शोध घेतात आणि नकार आला की दुखावली जातात.

१९६१ च्या मोहिमेसाठी वेगळे पदक नव्हते. त्यासाठी १९४७ च्या सामान्य सेवा पदकावर ‘गोवा १९६१’ ही पट्टी देण्यात आली. हे पदक एका माणसाला एकदाच मिळते. पुढच्या प्रत्येक मोहिमेसाठी त्याच्या फितीवर नवी पट्टी चढते. आजोबांना नागा टेकड्यांतील सेवेसाठी ते आधीच मिळाले होते, म्हणून गोव्यासाठी त्यांना दुसरे पदक नव्हे, दुसरी पट्टी मिळायला हवी होती. आपल्याकडे गहाळ आहे ती धातूची एक अरुंद पट्टी आणि तिची नोंद. अर्जात हाच शब्द वापरा. पदक मागितले तर ‘पदक आधीच दिलेले आहे’ असे खरे आणि तरीही निरुपयोगी उत्तर येईल. घरातील पदकाची कड भिंगाखाली पाहा. तिच्यावर कोरलेले नंबर आणि नाव अर्जात जसेच्या तसे उतरवा.

आजी-आजोबा दोघेही नसल्यामुळे अर्ज त्यांच्या मुलाने किंवा मुलीने, म्हणजे आपल्या वडिलांच्या पिढीने करावा. मृत्यूचे दाखले आणि नाते दाखवणारा कागद जोडावा. डिस्चार्ज बुकातील कुटुंबाच्या पानावर मुलांची नावे असतील तर तेच पान सर्वांत चांगले. गोव्यात वारसा म्हटले की लोक थेट विशेष नोटरीकडे उत्तराधिकाराचा दस्त करायला निघतात. एका पट्टीसाठी तो खर्च आधीच करू नका, कार्यालयाने मागितला तरच करा.

आजोबा पेन्शनधारक होते की नाही, हे आपण लिहिलेले नाही आणि इथे ते फार महत्त्वाचे आहे. पेन्शन न घेता बाहेर पडलेल्या जवानाचे सेवेचे कागद पंचवीस वर्षांनंतर नष्ट केले जातात आणि मग लाँग रोल नावाच्या जाड नोंदवहीतील त्याच्या नावाची ओळ तेवढी उरते. तसे असेल तर आपल्या घरातील कागद हेच मुख्य पुरावे ठरतील, म्हणून अर्ज करण्यापूर्वी डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाची स्वच्छ प्रत काढून ठेवावी.

प्रश्न : माझे पती नौदलातून निवृत्त झाले. घर बदलताना त्यांची पदके हरवली. सेवेच्या कागदांत सर्व पदकांची नोंद आहे. नोंद पुन्हा करावी लागेल का? — एक वाचक, वास्को

उत्तर : नाही. नोंद शाबूत आहे, तेव्हा दुरुस्तीचा प्रश्नच नाही. आपल्याला बदली पदके हवी आहेत. हरवल्याची तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देऊन तिची प्रत घ्यावी, प्रतिज्ञापत्र करावे आणि दोन्ही जोडून पतींच्या सहीने मुंबईत मानखुर्द येथील नौदलाच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे अर्ज पाठवावा. बदली पदकांची किंमत भरावी लागते. पती अधिकारी म्हणून निवृत्त झाले असतील तर अर्ज मानखुर्दला न जाता दिल्लीला नौदल मुख्यालयाकडे जाईल. तेवढे पाहून मगच पाकिटावर पत्ता घालावा.